भाऊजींचं पाठांतर

फुलसावंगी, रविवार, ता. १६ नोव्हेंबर १९५८

चि. बाबाराव यास बाईचा जयभीम.

पत्र कशासाठी लिहिते ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा वेळ जायचा नाही. तुझ्या भाचीचं, नलूचं लग्न ठरलं. मुलगा केळापूरचा, रामराव म्हणून आहेत त्यांचा मधला. तारीख वैशाखी पौर्णिमेची धरली आहे, म्हणजे हातात सहा महिने आहेत. लग्न आपल्या नव्या पद्धतीनं व्हायचं आहे. तेव्हा त्रिशरण, पंचशील आणि आठही मंगलगाथा मोठ्या अक्षरात लिहून पाठव. तू दिलेलं पुस्तक उंदरांनी खाल्लं.

आता विचारशील, म्हणणार कोण? तुझे भाऊजी म्हणणार आहेत.

हस. पोटभर हसून घे. गेल्या साली बुद्धजयंतीला हसलाच होतास. सगळी वस्ती जमलेली, भाऊजी पंचशील म्हणायला उभे राहिले, ओळीमागून ओळ बरोबर म्हणत गेले, आणि शेवटी आवाज चढला तसा तोंडातून 'उदो!' निघून गेला. तीस वर्षं त्या माणसानं मरीआईपुढं डफडं वाजवलं आणि दर गाण्याच्या शेवटी तीच आरोळी दिली. जीभ मळलेल्या वाटेनं गेली, दुसरं काय? लोक हसले ते मी मनावर घेतलं नाही. पण तू नागपूरचा मॅट्रिक झालेला कारकून, पाहुणा म्हणून एकटा खुर्चीवर बसलेला, तू सगळ्यांदेखत म्हणालास, "नागोरावच्या डोक्यात डफड्याशिवाय काही मावायचं नाही." आणि वर त्याच माणसाच्या हातात पुस्तक ठेवलंस, त्याला अक्षर येत नाही हे माहीत असून. या घरात पुन्हा पाऊल टाकू नको, असं मी त्या दिवशी तुला म्हणाले. ते परत घ्यायला हे पत्र नाही.

रामरावांची अट ऐक. परवा आले आणि ओट्यावर बसून साफ बोलले, "पाहा बाई, लगन नव्या रीतीनं करा, आमाले आनंदच हाय. पन पुरं करा. मधातच अडले तं आमच्या गावचे लोक हासतीन. जमत नसन तं आत्ताच सांगा, जुन्या रीतीनं अक्षता टाकू अन् मोकये होऊ."

मी म्हणाले, पुस्तकात पाहून म्हणणारा कोणी पुसदहून आणू. तेव्हा तुझे भाऊजी, जे पाहुण्यांपुढं कधी तोंड उघडत नाहीत, ते बोलले. "तीस साल दुसऱ्याच्या मांडवाच्या भाईर उभा राहून वाजवलं म्या. पानी आलं तरी भाईर, ऊन तापलं तरी भाईर. माह्या पोरीच्या मांडवात मले मधात उभं राहून बोलाचं हाय."

रामराव म्हणाले, "बोला ना मंग. पुरं बोला."

मी चौथी शिकलेली आहे, वाचून मलाही म्हणता येईल. पण प्रश्न माझा नाही. ते तीस वर्षं बाहेर उभे होते, मी नव्हते. म्हणून ते म्हणतील, आणि पूर्ण म्हणतील. तू फक्त लिहून पाठव, उलट टपाली.

तुझी बाई,
पंचफुला

हे पत्र लिहिल्याचं भाऊजींना ठाऊक नाही. तूही कळवायचं कारण नाही.


फुलसावंगी, रविवार, ता. २१ डिसेंबर १९५८

चि. बाबाराव यास जयभीम.

पाच आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तुझ्यावाचून माझं घोडं अडलेलं नाही, हे कळवायला लिहिते आहे. मी दोनदा मोटारीनं पुसदला जाऊन आले. तिथं आपल्यातले एक मास्तर आहेत, त्यांच्याजवळ पुस्तक आहे. ते हातातून सोडायला तयार नाहीत, पण समोर बसून उतरवून घेऊ देतात. दोन फेऱ्यांत सगळं उतरवलं. माझी अक्षरं पाहून मास्तर म्हणाले, ही अक्षरं आहेत की मुंग्या? मी म्हणाले, मुंग्या तर मुंग्या, रांगेत आहेत ना? त्यांनी दर गाथेचा अर्थही सांगितला. एक हत्तीची आहे, एक डाकूची, एक नागाची. भाऊजींना अर्थ ऐकायला फार आवडतो. शब्द मात्र डोक्यात थांबत नाहीत.

मी रोज सकाळी एकेक ओळ वाचते, ते माझ्यामागून म्हणतात. आठ गाथांना शेवटची ओळ एकच आहे, ती सोडली तर चोवीस ओळी होतात. न अडता किती आल्या ते मी कोठीमागच्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवते. पहिल्या आठवड्यात गाडी अकरावर येऊन रुतली. सकाळी अकरा ओळी, आणि कापूस वेचून घरी आले की चारच.

तुळसाबाईला तू ओळखतोस, आपल्या घरामागं राहते, अर्ध्या वस्तीला औषध तिचंच. ती म्हणाली, "आवया दे त्याले. सकाऊन उठल्याबरोबर तीन आवये. गेलेली याद वापस येते." मी एकवीस दिवस दिले, एकही खाडा नाही. भाऊजी डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "तोंड आंबून गेलं, डोस्कं हाय तसंच हाय." एकविसाव्या दिवशी ओळी मोजल्या. बारा. ती एक ओळ आवळ्याची की माझ्या ओरडण्याची, हे मला सांगता यायचं नाही. आवळ्यानं त्यांचा जुना खोकला मात्र गेला.

खरी अडचण निराळीच आहे. ते म्हणायला लागले की त्यांची बोटं हलतात. मांडीवर, टोपलीवर, जे हाताखाली सापडेल त्यावर. दोन ओळी गेल्या की बोटं डफड्याचा ठेका धरतात आणि ठेक्यामागून मरीआईचं गाणं येतं. मग मी एक दिवस फडक्यानं दोन्ही हात बांधून ठेवले. तर काहीच येईना. माणूस माझ्याकडे नुसता बघत बसला. मी फडकं सोडलं आणि चुलीकडे तोंड करून बसले.

आता वस्तीतली दोनचार माणसं म्हणू लागली आहेत की डफडं सोडलं ते बरं केलं, पण डोकं त्यातच राहून गेलं. तुझंच वाक्य आहे ते, इकडं चांगलं रुजलं. मी ऐकून घेते. पाच महिने आहेत अजून.

तुझी बाई,
पंचफुला


फुलसावंगी, रविवार, ता. १८ जानेवारी १९५९

चि. बाबाराव,

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षानं चार ओळी आल्या. त्या इथं पुन्हा लिहिते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला समोर दिसेल. "फळं खाऊन पाठांतर होत नसतं, बाई. हे अडाणीपण आता सोड. लग्नाला धर्मपाल नावाच्या जाणकार गृहस्थांना पाठवतो, ते व्यवस्थित म्हणतील. भाऊजींची चारचौघांत फजिती करू नकोस."

फजिती कोणी केली होती रे? मी की तू? तुला मी चार वर्षांचा होईस्तोवर कडेवर वागवला. माझी शाळा चौथीत सुटली ती तुझ्या पायी. तेव्हा मला अडाणी म्हणताना जरा हात आखडता घ्यायचा होतास. पूर्वीचे दिवस असते तर तुला देवाची शपथ घातली असती. आता शपथ घालायलाही कोणी ठेवलं नाही आपण.

धर्मपालांना पाठवायचं तर पाठव. जेवतील, चार दिवस राहतील. म्हणणार भाऊजीच.

इकडची बातमी अशी की भाऊजींचं तोंड आठ दिवस बंद होतं. आता तूच हसशील म्हणून लिहिणार नव्हते, पण लिहिते. तांड्यावरची रुपीबाई जंगलातला माल घेऊन बाजाराला येते, तिची माझी जुनी ओळख. ती आईच्या नावानं हाक मारून म्हणाली, "याडी ये! आवया कायले खाऊ घालून राह्यली त्याले? बिबुटे घाल. आमच्या तांड्यात जो बिबुटे खाते त्याले सात पिढ्यायचे नावं याद राह्यते." बिबुटं म्हणजे बिब्ब्याच्या बीला चिकटलेलं ते पिवळं फळ, तू लहानपणी खाल्लंयस. ते निखाऱ्यावर भाजून खायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रुपीबाईनं भाजूनच दिलं. पण तुझे भाऊजी डोंगराकडे लाकडांना गेले तेव्हा झाडाखाली थांबले आणि पंधरावीस तशीच कच्ची खाल्ली. भाजलं की त्यातला गुण जळून जात असेल, असं त्यांना वाटलं. घरी आले ते ओठ सुजून, जीभ जाड होऊन. बोलता येईना, पाणी पिता येईना. स्मरण वाढवायला गेले आणि वाचा घालवून बसले. मी खोबरं वाटून लावत होते आणि रडत होते. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, राहू दे सगळं.

नवव्या दिवशी सूज उतरली. पहिला शब्द काय काढला असेल? म्हणाले, "पंचफुला, हत्तीवाली वाच."

रुपीबाई येऊन त्यांना खूप बोलली. मग म्हणाली, फळ राहू दे, खरा गुण आतल्या गोडंबीत आहे. बिब्बे वाळवून फोडायचे आणि आतलं पांढरं बी काढून खायचं, रोज दहा. बिब्ब्यांचं एक पोतं तिनं नवऱ्याबरोबर, हिरासिंगबरोबर, धाडून दिलं. उद्यापासून फोडायला बसतो.

पंचफुला


फुलसावंगी, रविवार, ता. १ मार्च १९५९

चि. बाबाराव यास बाईचा जयभीम.

बसला असशील तिथून उठ आणि भाऊजींच्या नावानं एकदा टाळी वाजव. सहा गाथा! पहिली ते सहावी, एका दमात, कुठंही न अडता. सकाळी येतात त्या संध्याकाळीही येतात. आणि शेवटी 'उदो' नाही. महिनाभरात एकदाही नाही. फळानं पाठांतर होत नसतं म्हणणारे, आता काय म्हणता?

गोडंबी हीच खरी. कशी काढतात ते तुम्हा शहरवाल्यांना कोण सांगणार? बिब्ब्यात काळं तेल असतं, अंगाला लागलं की फोड येतात. म्हणून बोटं आधी गोड्या तेलात आणि मग राखेत बुडवायची. बिब्बा दगडावर उभा धरायचा, एक ठोका हळू, मग फिरवायचा, दुसरा ठोका जोरात, टरफल बाजूला आणि बी वाटीत. फार जोर लावला तर बी चुरतं, कमी लावला तर तेल उडतं. आम्ही दोघं रोज पहाटे समोरासमोर बसतो. मी वाचते, ते फोडतात आणि म्हणतात. फोडून झालं की दहा गोडंब्या मोजून त्यांच्या हातावर ठेवते. रोज थोडी थोडी ओळ वाढत जाते, पाटावर शेवया वाढाव्यात तशी. नलू म्हणते, बाबा, तुमचं लग्न आहे की माझं?

आनंदात आहे तर एक कबूलही करून टाकते. पुस्तक उंदरांनी खाल्लं नव्हतं. तू गेलास त्या संध्याकाळी मी ते चुलीत घातलं. आत काय लिहिलं आहे ते माहीत होतं, तरी घातलं. तुझ्या हातचं होतं म्हणून घातलं. दुसऱ्या दिवशी राख काढताना ती बोटांनी चाळून पाहिली, एक पानही उरलं नव्हतं. भाऊजींनी पाहिलं होतं, पण आजवर एका शब्दानं बोलले नाहीत. पुसदला मास्तरांसमोर बसून एकेक अक्षर उतरवलं ते शिक्षा म्हणूनच उतरवलं म्हण. पुसदहून परत येताना मोटारीत पिशवी छातीशी धरून बसले होते, शेजारची बाई म्हणाली, काय सोनं आहे काय?

रामरावांना निरोप धाडला आहे की तयारी चांगली चालली आहे. त्यांनी उलट निरोप दिला, आम्ही शंभर माणसं येऊ. येऊ देत.

तुझी बाई,
पंचफुला


फुलसावंगी, रविवार, ता. ५ एप्रिल १९५९

चि. बाबाराव,

गेल्या पत्रात तुला टाळी वाजवायला लावली. ती परत घे. मी खोटी पडले.

होळीच्या आधी माझी बोटं पिकली. बिब्ब्याचं तेल नखात शिरलं होतं, सुई धरवेना. भाऊजींच्या तळव्यालाही दोन फोड आले. रुपीबाईनं ते पाहिलं आणि तांड्यावरची फोडलेली गोडंबी भरून एक मोठा वाडगा आणून दिला. म्हणाली, आता फोडू नका, नुसती खा. आम्हाला बरंच वाटलं. सकाळी उठायचं, आयती गोडंबी खायची आणि पाठ म्हणायचा. दहाच्या जागी पंधरा खायला लागले.

दहा दिवसांत दोन गाथा गेल्या. चौथी आणि सहावी. तेराव्या दिवशी पंचशील म्हणता म्हणता बोटं मांडीवर गेली, आणि तो जुना शब्द आला. ते म्हणाले, "बाबाराव बरोबर म्हनत होता." आणि उठून बाहेर गेले. रात्री जेवले नाहीत. नलूही जेवली नाही.

मी मात्र जेवले. जेवता जेवता विचार केला. तांदूळ निवडताना खडा कुठला ते दिसेस्तोवर मी ताट सोडत नाही, तुला ठाऊक आहे. खात होते तेवढंच, उलट जास्त. मग बदललं काय? फोडणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोडंबीचा वाडगा उचलून तुळसाबाईच्या घरी ठेवून आले. भाऊजींना म्हणाले, आजपासून खायचं नाही, नुसतं फोडायचं. ते म्हणाले, "खाचं नाई तं फोडाचं कायले?" मी म्हणाले, मी सांगते म्हणून. आठ दिवस एकही गोडंबी तोंडात जाऊ दिली नाही. दगडावर मात्र रोज बसवलं. एक ठोका हळू, फिरवणं, एक ठोका जोरात. आठव्या दिवशी चौथी परत आली. बाराव्या दिवशी सहावी. काल सातवीच्या दोन ओळी आल्या.

आता मला कळलं ते तुलाही कळू दे. त्यांचं पाठांतर डोक्यात नसतं, हातात असतं. तीनशे गाणी होती ती सगळी डफड्याच्या हातात होती. डफडं सोडलं तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बरोबरच केलं. पण तो हात रिकामा झाला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ना तुझ्या, ना माझ्या. रिकामा हात जुन्या कामाला धावतो. बिब्बा फोडायचा ठोका निराळा आहे, त्या ठोक्यावर कुठल्याच देवीचं गाणं बसलेलं नव्हतं. तिथं गाथा बसली.

तेव्हा फळ खाऊन काही होत नाही, हे तुझं म्हणणं खरं ठरलं. ते मी लिहून देते. पण ज्या माणसाला तू डफड्याएवढ्या डोक्याचा म्हणालास, त्याच्याबद्दलचं तुझं म्हणणं साफ खोटं आहे. तेही लिहून देते.

दीड महिना उरला. आता अंगणात बसतो, कारण फोडायला आणखी बाया येतात. तुळसाबाई येते, शेजारच्या दोघी येतात, बाजाराच्या दिवशी रुपीबाई येऊन बसते. तिला सांगितलं, बाई, तू आमच्यातली नाहीस, तुला कशाला त्रास? ती म्हणाली, "बिब्बे माये हायेत. कोन कसे फोडते ते पाहाले बसते." भाऊजींचा आवाज आता मोकळा लागतो. परवा गाडीवाट ओलांडून जाणारा माणूस थांबून ऐकत उभा राहिला होता.

बाई


फुलसावंगी, रविवार, ता. २४ मे १९५९

चि. बाबाराव यास बाईचा जयभीम.

लग्न झालं. आधी तेवढं वाच आणि मग पुढचं वाच.

शंभर म्हणाले होते, आले दीडशे. ऊन असं की मांडवाचा पाला दुपारीच करपला. धर्मपाल आदल्या दिवशी आले. नाव नवं घेतलेलं, माणूस वयानं माझ्याएवढा, बोलणं मऊ. पुस्तक काखेत. मी त्यांना पाणी दिलं, जेवायला घातलं, आणि मनात म्हणत होते, उद्या तुम्ही तोंड उघडलंत तर माझ्याइतकं वाईट कोणी नाही. त्यांना पुढच्या रांगेत रामरावांच्या शेजारी बसवलं.

तुझे भाऊजी पांढरा सदरा घालून मांडवाच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही तळवे काळे, डाग कशानं जातच नाहीत. केळापूरच्या बाया त्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी हात जोडले, बोटांनी आतल्या आत बिब्ब्याचा ठोका धरला आणि सुरू केलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग गाथा. पहिली, दुसरी, हत्तीची, डाकूची. मांडवात लहान पोरसुद्धा रडलं नाही. पाचवी झाली, सहावी झाली. सातवीची पहिली ओळ आली आणि पुढं काही नाही.

थांबले. घाम गळत होता. नलू मान खाली घालून उभी होती. ओळ मला येत होती. माझ्या जिभेवर होती. पण मी म्हटली असती तर केळापूरवाले म्हणाले असते, बायकोनं सांगितलं तेव्हा जमलं. मी दातांखाली पदर धरला आणि धर्मपालांकडे पाहिलं. रामरावांनीही त्यांच्याचकडे पाहिलं आणि कोपरानं खुणावलं. पुस्तक मांडीवर होतं. ते उठले नाहीत. पुस्तक उघडलंही नाही. हात पुस्तकावर ठेवून खाली बघत बसले.

तेवढ्यात बायांमधून आवाज आला. रुपीबाईचा. पायापर्यंत घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, सगळ्यांत मागं बसलेली, आपल्या धर्माची नाही की जातीची नाही. तिनं ती ओळ अशी म्हटली की जणू बाजारात भाव सांगते आहे. अर्थ तिला विचारशील तर शून्य. तिच्यामागून तुळसाबाईनं म्हटली, मग शेजारच्या दोघींनी, मग अंगणापलीकडून दोन महिने ऐकत आलेल्या साऱ्या वस्तीनं. भाऊजींनी मान वर केली, सगळ्यांच्या वरून आवाज लावला, आणि सातवी पुरी केली. आठवी एकट्यानं म्हणाले. मी त्या माणसाच्या घरात पंचवीस वर्षं राहिले, असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

मी घाबरत रामरावांकडे पाहिलं. मधात अडले होते ना! ते उठले, भाऊजींजवळ आले आणि म्हणाले, "आमच्या गावात एकाले येत नाई बापा. तुमच्या तं बायायले बी येते!" आणि भाऊजींचे ते काळे हात त्यांनी हातात धरले. पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या पुतणीचं लग्न आहे. ते लावायला भाऊजींनीच यायचं, असं ठरवून गेले. भाऊजी तेव्हापासून सदरा उतरवायला तयार नाहीत. मी धुऊ तरी कधी?

आता तुझ्याकडे येते.

जेवणं झाल्यावर मी धर्मपालांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही उठला का नाहीत? ते म्हणाले, "बाबारावांनी निघताना शपथेवर सांगितलं होतं. भाऊजी अडले तरी तुम्ही उठायचं नाही. कितीही वेळ लागो, बसून राहायचं." मी म्हणाले, मग पाठवलं कशाला? ते म्हणाले, "त्यांना कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहायचं होतं." मी विचारलं, स्वतःचे डोळे काय झाले त्याचे? तेव्हा त्या माणसानं चाचरत सांगितलं. तू माझी पाचही पत्रं त्यांच्यापुढं ठेवलीस. म्हणालास, "यात मला ये म्हटलेलं कुठं दिसतंय ते दाखवा, मी आत्ता निघतो." त्यांनी दोनदा वाचली. कुठं सापडलं नाही.

मी त्यांना म्हणाले, अगं बाई, विसरलेच की! सगळ्या वस्तीचं पाठांतर घेतलं आणि तेवढं लिहायचं विसरले. ते हसले, मीही हसले.

पण तुला खोटं लिहायचं नाही. एकदा उंदराचं लिहिलं तेवढं पुरे. बाबाराव, मी विसरले नव्हते. दर पत्राला बसताना ठरवायची की शेवटी तेवढं एक लिहायचं. शेवटी आले की हात थांबायचा. भाऊजींनी सहा महिने घालून, तळहात जाळून परक्या भाषेतल्या आठ गाथा पाठ केल्या, आणि मला आपल्या बोलीतला एक शब्द लिहवला नाही. ते तर तुझ्यावर कधी रागावलेही नव्हते. राग माझा होता, तो मी त्यांच्या नावानं सांभाळत बसले. नलू सासरी निघाली तेव्हा गाडीत बसता बसता तिनं विचारलं, "मामा काहून नाई आला?" मी म्हणाले, कचेरीत सुट्टी नसेल. तेही खोटंच.

भाऊजी ओट्यावर बसले आहेत. मी काय लिहिते ते विचारत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. पत्रं जात होती हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे.

पुसदहून सकाळची मोटार आहे. तू घरी ये.

तुझी बाई,
पंचफुला